तारखांत अडकलेली भरपाई

समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ 15 ऑक्टोबर 2023 रोजी मध्यरात्री एक मिनीबस ट्रकवर आदळली. सैलानीहून नाशिककडे परतणाऱ्यांपैकी 12 जण मृत्युमुखी पडले, 23 जखमी झाले. अशा अपघातानंतर नेत्यांची सांत्वनपर वक्तव्ये होतात, मदतीचे आकडे जाहीर होतात आणि चार दिवसांत तो विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून नाहीसा होतो. जखमींची खरी परवड सुरू होते ती त्यानंतर. रुग्णालयाची पायरी उतरलेला माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढतो, आणि मग वर्षानुवर्षे पुढची तारीख घेऊन घरी परततो.

या विलंबाचे खापर सरसकट न्यायालयांवर फोडणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य आहे. काही विलंब जखमीच्या हिताचाच असतो. मृत्यूच्या दाव्यात हानी पहिल्याच दिवशी निश्चित झालेली असते. मोडलेल्या पायाचे तसे नसते. सळई काढायची आहे, दुसरी शस्त्रक्रिया व्हायची आहे, तोवर कायमचे अपंगत्व किती हे सांगणार कोण? आणि सारा हिशेब तर त्यावरच उभा आहे. समजा, वाळूजच्या कारखान्यातील 28 वर्षांचा कामगार महिना 15 हजार रुपये मिळवतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात घालून दिलेल्या कोष्टकानुसार त्याच्या वयाला 17 हा गुणक लागतो. भविष्यातील उत्पन्नवाढ बाजूला ठेवली, तरी त्याची कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे ठरले तर 6 लाख 12 हजार, आणि 40 टक्के ठरले तर 12 लाख 24 हजार. उतावळेपणाने पहिल्या तीन महिन्यांत तडजोड करणारा यातला मोठा हिस्सा गमावून बसतो. पुन्हा, प्रमाणपत्रावरील अपंगत्व आणि कमाईतील घट या दोन गोष्टी एक नव्हेत. बोट गमावलेला लिपिक आणि बोट गमावलेला फिटर यांचे नुकसान सारखे कसे असेल? हे सिद्ध करायला डॉक्टरांची साक्ष लागते, आणि रुग्णांच्या गर्दीतून डॉक्टर साक्षीला यायचे म्हणजे आणखी एक तारीख.

दुसरा विलंब मात्र लादलेला आहे. बीड-जालन्याची ऊसतोड मजूर जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याकडे निघतात. वाटेत ट्रॉली उलटली की पहिला वाद सुरू होतो : हे मजूर की फुकट प्रवासी? मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नसते, त्यामुळे कंपनी तो मुद्दा सोडत नाही. मजुरीचा पुरावा मागितला जातो. पण मुकादमाने दिलेल्या उचलीची पावती कोणाच्या पेटीत सापडणार? उत्पन्नाचा पुरावा नाही, म्हणून साक्षीदार. साक्षीदार हंगामात परराज्यात, म्हणून तारीख.

चालकाचा परवाना हा असाच एक हुकमी आक्षेप. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले. त्यावर शंका घेतली गेली, प्रश्न घटनापीठाकडे गेला आणि तोच निर्णय कायम झाला तो नोव्हेंबर 2024 मध्ये. खालच्या न्यायालयात जिंकूनही सुटका नाही; 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मराठवाड्यासह 12 जिल्ह्यांचा भार वाहणाऱ्या संभाजीनगरच्या खंडपीठात ते आपल्या क्रमाची वाट पाहते.

या काळाची किंमत मोजतो कोण? भरपाईवर व्याज मिळते हे खरे, पण सावकाराच्या व्याजापुढे ते कुठेच टिकत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याला थांबणे परवडते. जुन्या कायद्याच्या कलम 140 खाली दोष कोणाचा हे न पाहता कायमच्या अपंगत्वासाठी 25 हजार रुपये मिळत आणि मूळ दावा चालूच राहत असे. रक्कम तुटपुंजी होती, पण आधार होता. 1 एप्रिल 2022 पासून ते कलम गेले. आता कलम 164 प्रमाणे गंभीर जखमीला दोष सिद्ध न करता अडीच लाख मिळू शकतात. मात्र ते स्वीकारले की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. चूल पेटवायची की हक्क राखायचा, असा हा पेच आहे. मे 2025 पासून पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना आली, ती स्वागतार्हच. पण आठव्या दिवसानंतरच्या भाकरीचे काय? कलम 164-अ ने केंद्र सरकारला अंतरिम मदतीची योजना आखण्याचा अधिकार दिला आहे. मूळ दावा न सोडता काही रक्कम जखमीच्या हाती पडेल, अशा रीतीने तो वापरला गेला पाहिजे. एरवी लोकअदालतीत होणारी तडजोड समंजसपणाची की थकव्याची, हे ओळखणे कठीण. तेथील निवाड्यावर अपील नाही, हे सही करण्यापूर्वी जखमीला नीट सांगितलेच पाहिजे.

पोलिसांसाठी नियम आता स्पष्ट आहेत : पहिला अहवाल 48 तासांत, अंतरिम 50 दिवसांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. हे पाळले गेले तर निम्मे वाद कागदावरच मिटतील. अपघात झाला की रात्री-अपरात्री धावून जाणारे, रक्त देणारे कार्यकर्ते गावोगावी आहेत. त्यांनी या तारखाही लक्षात ठेवाव्यात. वाहनाचा क्रमांक, पंचनाम्याची प्रत, औषधांची बिले, हजेरीपुस्तकाचे किंवा बँकेच्या पासबुकाचे पान पहिल्या आठवड्यातच एका पिशवीत जमा करावे. कायद्याने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. तरीही त्या भरवशावर कोणी थांबू नये. प्लास्टर निघायची वाट न पाहता अर्ज दाखल करता येतो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडता येते.