बिनगिअरची गाडी घाटात नेऊ का?



या पानावर एरवी आपण कैरीच्या लोणच्यावरची बुरशी, पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास, पुरणाचं कटाचं प्रमाण असल्या गोष्टी बोलतो. पण परवा एका भगिनीचं पत्र आलं आणि ते वाचून माझ्याने राहवेना. पत्र इथलंच, रत्नागिरीचंच आहे. नाव देऊ नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून नुसता मजकूर थोडक्यात देते.

"माझ्या यजमानांची जानेवारीत अँजिओप्लास्टी झाली. दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला दाखवायला न्यावं लागतं. डॉक्टरांनी त्यांना इतक्यात घाटात गाडी चालवायची नाही असं बजावलंय. गाडीचं लायसन्स माझ्याकडे आहे, पण चढावर क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ बसत नाही. गाडी मागे घसरते, मागचे हॉर्न वाजवतात आणि माझे हातपाय गळतात. स्कूटर मात्र मी 25 वर्षं चालवते. मुलगा म्हणतो, सीव्हीटीवाली गाडी घे, क्लचच नाही. भाऊजी म्हणतात, ती गाडी पट्ट्यावर चालते, आंबा घाटात पट्टा तुटला तर काय करशील? सहा वर्षं वापरलेली एक गाडी पाहून ठेवली आहे. त्यासाठी मुदतठेव मोडावी लागेल. काय करू?"

पत्र वाचून मला आधी हसू आलं, ताई. रागावू नका हं. हसू अशासाठी, की तुमची स्कूटर गेली 25 वर्षं पट्ट्यावरच तर चालते आहे! त्या पट्ट्यावर बसून तुम्ही मुलांना शाळेत सोडलंत, बाजारातून नारळ आणलेत, भर पावसात मारुती मंदिराचा चौक ओलांडलात. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही, की पट्टा तुटला तर काय करशील.

थोडं मागचं आठवून पाहा. पूर्वीच्या स्कूटरला डाव्या मुठीतच क्लच आणि तिथेच गिअर. साडी सावरत ती मूठ पिरगाळायची आणि वर किक मारायची, म्हणून बायका तिच्या वाटेला फारशा जात नसत. 1972 साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली, तिला गिअर नव्हते, पण ती बिचारी हलकीफुलकी. 1984 साली याच कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर मिळून कायनेटिक होंडा आणली. बटण दाबलं की चालू, मूठ पिळली की पळायची, आणि गिअर पाडायची भानगडच नाही. गावोगावच्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या मुली तिच्यावर दिसू लागल्या. पुढे 1998 मध्ये दोन्ही कंपन्यांची भागीदारी संपली, नव्या शतकात अ‍ॅक्टिव्हा आली, आणि आज दारोदारी तसलीच स्कूटर उभी असते. या सगळ्यांच्या पोटात जे यंत्र आहे, तेच सीव्हीटी. गिअरच्या पायऱ्या नसलेली, सलग बदलत जाणारी चाल, एवढाच त्याचा अर्थ.

आता ते चालतं कसं? आपलं पायाचं शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणा. खाली मोठं चाक, वर लहान चाक, दोन्हींवरून चामड्याची वादी. खालचं चाक एकदा फिरलं की वरचं कितीतरी वेळा फिरतं. आता अशी कल्पना करा, की मशीन चालू असतानाच ही चाकं लहानमोठी करता आली, तर? पाय तेवढाच मारायचा, पण सुई हवी तेव्हा हळू, हवी तेव्हा भरभर. सीव्हीटीत हेच होतं. प्रत्येक चाक म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या बशा. बशा जवळ आल्या की मधला पट्टा वर सरकतो आणि चाक मोठं होतं. लांब गेल्या की पट्टा खाली बसतो आणि चाक लहान होतं. पुढचं मोठं होताना मागचं लहान होत जातं. घाट चढायला एक माप, सपाटीवर दुसरं, आणि मधली सगळी मापंही आहेतच.

मोटारीत हे प्रथम मोठ्या प्रमाणावर आणलं हॉलंडच्या डाफ कंपनीने, 1958 साली. त्यात रबराचे पट्टे होते. गंमत म्हणजे ती गाडी मागेही पुढच्याइतकीच भरधाव पळायची, आणि तिकडे लोक तिच्या उलट्या शर्यती लावत! पुढे रबर गेलं आणि पोलाद आलं. आजच्या मोटारीतला पट्टा म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांच्या थरांवर शेकडो लहान पोलादी चकत्या ओवलेल्या, अगदी घट्ट विणलेल्या गजऱ्यासारख्या. काही गाड्यांत त्याऐवजी साखळी असते. हे सगळं बंद पेटीत, तेलात न्हात फिरतं. तेव्हा भाऊजींना सांगा, की पट्टा म्हणजे पिठाच्या गिरणीचा पट्टा नव्हे.

पण भाऊजींची शंका अगदीच फोल आहे असंही मी म्हणणार नाही. पेटी बिघडतेच. अमेरिकेत निसानच्या सीव्हीटी गाड्यांबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की कंपनीने 2003 ते 2010 या सालांच्या गाड्यांच्या पेटीची हमी 10 वर्षे किंवा 1 लाख 20 हजार मैलांपर्यंत वाढवून दिली. पट्टा आणि बशा यांची पकड फक्त दाबावर आणि घासण्यावर असते. ती निसटली की पोलादावर चरे पडतात. एकदा चरे पडले की ते वाढतच जातात, आणि मग बहुतेक ठिकाणी अख्खी पेटीच बदलायला सांगतात. तो खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून या गाडीचा जीव पट्ट्यापेक्षा तेलात आहे. या तेलाला दोन उलटी कामं करायची असतात. गुळगुळीतही ठेवायचं आणि घसरूही द्यायचं नाही. तूप आणि एरंडेल दोन्ही तेलकट, म्हणून आपण पुरणपोळीवर एरंडेल ओतत नाही ना? तसंच इथे. कंपनीने पुस्तिकेत सांगितलेलं सीव्हीटीचंच तेल, सांगितलेल्या अंतरालाच. घाटात वरचेवर जाणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत बहुधा आणखी कमी अंतर दिलेलं असतं, ते पाहा. आमच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने "सगळी तेलं सारखीच, वहिनी" म्हणत दुसराच डबा उघडला होता. मी तिथेच उभी होते म्हणून वाचलो. तेव्हापासून डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय मी टोपण काढू देत नाही.

आता चालवताना कसं वाटतं ते सांगते, कारण खरी भीती तिथेच असते. आमच्याकडे सात वर्षं सीव्हीटीची गाडी आहे. पहिल्या दिवशी मी घाबरलेच. पाय जोरात दाबला, तर इंजिन एकदम मोठ्याने हुंकारलं आणि गाडी मात्र सावकाश निघाली. आवाज आधी, वेग मागून. आमचे हे म्हणाले, "रबर ताणल्यासारखं वाटतंय." वाटतंच तसं. गिअरच्या गाडीत आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो, त्यामुळे वेग कळतो. इथे आवाज एका सुरात लागून राहतो. यात बिघाड काही नाही. पेटीने इंजिनाला त्याच्या जोराच्या जागी नेऊन ठेवलेलं असतं आणि मग ती चाकांची मापं बदलत बसते. उपाय सोपा. पाय अर्धाच दाबा आणि क्षणभर थांबा. स्कूटरची मूठ तुम्ही चढावर कशी हळूहळू पिळता, तश्शीच. गाडी लोण्यासारखी सरकते, हिसका नाही. आजारी माणूस शेजारी बसलेला असताना याचं मोल काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

चौकशी करायला गेलात की एएमटी नावाचं आणखी एक प्रकरण तुमच्यापुढे ठेवतील. ते स्वस्त असतं. पण ती मुळात गिअरचीच गाडी. क्लच दाबायचं काम तेवढं माणसाऐवजी यंत्र करतं, त्यामुळे गिअर पडताना डोकं पुढेमागे हलतं. शहरात पैसे वाचवायचे तर वाईट नाही. नाव नीट विचारून घ्या मात्र, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन्ही असू शकतात. बलेनोचंच पाहा. 2015 पासून तिला सीव्हीटी होती, 2022 च्या नव्या बलेनोला एएमटी आली. जुनी गाडी घेताना साल पाहिलं नाही तर फसगत व्हायची.

घाटासाठी या गोष्टी मनात पक्क्या करा:

डावा पाय बाजूला ठेवा आणि तो विसरून जा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्हींना उजवाच पाय. क्लचची सवय असलेला डावा पाय चुकून ब्रेकवर गेला तर गाडी दाणकन थांबते.

चढावर गाडी थांबली तर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक दाबा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. हे मी अनुभवाने सांगते. एका रविवारी आरे-वारेच्या चढावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि मी शहाणी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलत बसले. पेटीचं तेल तापलं, समोर दिवा लागला, गाडीचा जोर गेला. बाजूला घेऊन अर्धा तास नुसतं समुद्राकडे बघत बसलो. निवल्यावर गाडी सुरळीत निघाली, पण धडा मिळाला तो मिळाला.

उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नका. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. बहुतेक गाड्यांत डी च्या खाली एल किंवा एस असं अक्षर असतं, काहींत स्टिअरिंगमागे अधिक-उणेच्या दांड्या असतात. घाट उतरायच्या आधीच ते लावा. आवाज वाढेल, वाढू दे. इंजिनच गाडीला मागून ओढून धरतं. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं तर कधीच नको.

पुढे-मागे करताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर चं डी करू नका.

गाडी बंद पडलीच तर दोरी बांधून ओढायला देऊ नका. चाकं फिरली की आतली पेटी तेलाच्या दाबाशिवाय फिरते आणि खराब होते. सरळ ट्रकवर चढवून न्यायला सांगा.

आता तुमच्या मुदतठेवीचं. ती मोडण्याआधी एवढं करा. मालकाकडून सर्व्हिसची वही मागा आणि पेटीचं तेल कधी बदललं, ते तारखेसह पाहा. वही नसेल तर गाडी कितीही चकाचक असो, नमस्कार करून परत या. सकाळी थंड असतानाच गाडी चालू करायला सांगा आणि स्वतः चालवा. अगदी हळू वेगात गाडी थरथरते का, वेगाबरोबर वाढत जाणारी किणकीण ऐकू येते का, इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही असं होतं का, करपल्यासारखा वास येतो का, हे पाहा. यातलं एकही असेल तर घेऊ नका. आणि सगळं ठीक असलं, तरी पहिल्या महिन्यात पेटीचं तेल बदलायचे पैसे बाजूला काढूनच सौदा करा.

लायसन्सचं मनात नको. तुमचं मोटारीचं लायसन्स दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतं. मात्र ज्या भगिनींकडे फक्त बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स आहे, त्यांनी तेवढ्यावर मोटार चालवू नये.

गाडी आली की लगेच आंबा घाट नको. पहिला आठवडा पहाटे गावातच. दुसऱ्या आठवड्यात भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत. मग हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत या. त्यानंतर एका कोरड्या दिवशी, उजेडात, मुलाला शेजारी बसवून घाट चढा आणि उतरा. आणि मगच यजमानांना घेऊन निघा.

ताई, माझं उत्तर "घ्या" असं आहे. वही आणि थंड गाडीची परीक्षा या दोन्हींत ती पास झाली, तर घ्या. मुदतठेव अडीअडचणीसाठीच असते ना? दर दोन महिन्यांनी कुणाला तरी "जरा कोल्हापूरला नेता का हो" म्हणून विचारत बसायचं, आणि त्याला सवड नसली तर तारीख पुढे ढकलायची, यापेक्षा मोठी अडचण ती कोणती? यजमानही पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसतील तेव्हा "अगं ब्रेक, ब्रेक" म्हणतीलच. म्हणू द्या. साखरप्याच्या पुढे गेल्यावर ते झोपले, तर समजा की तुम्ही पास झालात.

घाट ओलांडलात की मला दोन ओळी जरूर लिहा. मी वाट पाहीन.