निचऱ्यावाचून सिंचन अपुरे

माण-खटावच्या उथळ, मुरमाड रानात पाणी ठरत नाही आणि वाळवा-मिरजेच्या खोल काळ्या रानातून ते हटत नाही. सातारा-सांगलीच्या शेतीचा मोठा पेच या विरोधात सामावला आहे.

काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण अनेकदा 50 टक्क्यांवर असते. उन्हाळ्यात ती भेगाळते. पहिले पाणी माती नीट भिजविण्याआधीच भेगांवाटे खाली उतरते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि मागून येणाऱ्या पाण्याची वाट अडते. एकाच शेतात कोठे तळ चिंब, तर कोठे वरचा थर अर्धवट ओला, अशी स्थिती होते. तरीही वाफशाची वाट न पाहता पाट सोडला जातो. जादा पाणी हळूहळू सखल रानाकडे झिरपते, भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. उसाचे रान क्षारपड होते ते असे.

येथे प्रश्न केवळ शेतीशास्त्राचा न राहता न्यायाचा होतो. ज्याने जास्त पाणी दिले त्याने भरपाई करावी, असे म्हणणे सोपे आहे. परंतु पाणी वरच्याचे आणि मीठ खालच्याच्या पदरात, हाच अनेक ठिकाणचा व्यवहार आहे. जमिनीखालचे पाणी बांध जुमानीत नाही.

उपायही म्हणून एकट्याचा असू शकत नाही. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा साधतो. पण शेजारच्या रानातून वाट मिळाली नाही, किंवा ओढाच बुजवून ऊस लावला असेल, तर ते पाणी सोडायचे कोठे? शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि क्षारपड राने पुन्हा पिकू लागली, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

खोडशीहून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी माथ्यावर चढविले. हे यश मोठेच आहे. परंतु पाणी किती उचलले, एवढ्यावरच योजनेचा हिशेब संपता कामा नये. नव्या लाभक्षेत्रातील खोलगट काळ्या रानांसाठी निचऱ्याचा खर्च मूळ आराखड्यातच धरला पाहिजे आणि ओढे मोकळे ठेवणे ही शासनाची जबाबदारी मानली पाहिजे. पाणी आणण्याइतकेच ते बाहेर काढणे हेही सिंचनच होय.