दुर्गंधीचे स्थलांतर

केंब्रिज म्हटले की मराठी सुशिक्षितास रँग्लर परांजपे आठवतात. १८९९ साली ते तेथे सीनियर रँग्लर झाले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच काळात त्याच शहरातील चेडर्स लेनवर १८९४ साली बांधलेले उदंचन केंद्र शहराचा कचरा जाळून वाफ करीत होते आणि त्या वाफेच्या बळावर शहराचे मैलापाणी मिल्टनच्या बाजूच्या मैलाशेतीकडे ढकलीत होते. त्यापूर्वी ही घाण कॅम नदीत जाई. विद्वत्तेच्या इतिहासात अशा केंद्राला स्थान नसते. पण घाण कोठे टाकायची, हे ठरविल्यावाचून कोणतेही विद्यापीठनगर उभे राहत नाही.

हा जुना प्रश्न तेथे अलीकडे नव्या रूपात उभा राहिला. मिल्टनच्या दिशेचे आजचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ज्या जमिनीवर आहे, ती एकेकाळी शहराबाहेर होती. आता तिच्याजवळ विज्ञान उद्यान आहे, २०१७ पासून रेल्वे स्थानकही आहे. तेव्हा केंद्र हलवावे आणि मोकळ्या जागेवर सुमारे ५,६०० घरे बांधावीत, असे ठरले. २०१९ साली केंद्र सरकारच्या गृहनिर्माण पायाभूत सुविधा निधीतून त्यासाठी २२ कोटी ७० लाख पौंड मंजूर झाले. नवे केंद्र नदीपलीकडे, हॉर्निंगसी आणि फेन डिटन या गावांमधील हरितपट्ट्यात जायचे होते. त्या जागेचे नाव हनी हिल, म्हणजे मधाची टेकडी!

आमचा पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. मंजूर रकमेला घरांच्या संख्येने भागले, तर दर घरामागे चाळीस हजार पौंडांहून अधिक खर्च येतो. आणि या रकमेत एकही वीट रचली जात नाही. केवळ मैला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो. जुने केंद्र निकामी झाले होते, अशीही स्थिती नव्हती. ते हलविण्याचे कारण त्याच्या कामात नव्हते, त्याच्या पायाखालच्या जमिनीत होते. लोकांच्या पैशाने येथे घर विकत घेतले जात नव्हते, जमिनीचा भाव विकत घेतला जात होता.

दुसरा आक्षेप भूमिकांच्या सरमिसळीचा. केंद्राच्या परिसरातील जमिनीचे मालक दोन: ते केंद्र चालविणारी अँग्लियन वॉटर ही कंपनी आणि स्वतः शहर परिषद. निधीची मागणी करण्यात हीच परिषद पुढे होती आणि परिसराचा विकास आराखडा आखण्यातही तीच सहभागी होती. अंतिम परवानगी मंत्र्यांची असते, हे आम्ही जाणतो. परंतु जो मागतो, जो आखतो आणि ज्याची जमीन आहे, ते तिघे एकच असतील, तर लोकहित आणि मालकहित यांतील रेषा कोणी ओढायची? शिवाय हनी हिल शहराच्या हद्दीत नाही. ती शेजारच्या दक्षिण केंब्रिजशर जिल्ह्यात आहे. घरे आमच्याकडे, हौद तुमच्याकडे, असा हा व्यवहार.

यावर असे उत्तर दिले जाते की केंब्रिजमध्ये घरांची टंचाई भीषण आहे आणि वापरलेल्या जमिनीवर, रेल्वेजवळ घरे बांधणे हे कोऱ्या शेतात बांधण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. पहिला मुद्दा आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. घर न मिळणाऱ्या तरुण अध्यापकाची व्यथा हरितपट्ट्याच्या नावाने झटकून टाकणाऱ्यांत आम्ही नाही. पण दुसऱ्या मुद्द्यात एक हातचलाखी आहे. वापरलेली जमीन मोकळी करण्यासाठी न वापरलेली जमीन खर्ची पडणार असेल, तर वाचले काय? घरांपासून जपलेला हरितपट्टा मैल्यासाठी मात्र उघडायचा, हा न्याय आम्हांस कळत नाही.

पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२३ पासून सहा महिने या प्रस्तावाची जाहीर तपासणी चालली. एप्रिल २०२५ मध्ये परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, खर्च फार वाढला म्हणून, सरकारने पुढील निधी देण्यास नकार दिला. सहा वर्षे ज्या घरांचा दाखला देऊन विरोधकांना गप्प केले जात होते, ती घरे आज कागदावरच आहेत. हनी हिल वाचली ती युक्तिवादाने नव्हे, महागाईने. म्हणून या निर्णयावर आम्ही आनंद मानीत नाही. ज्यांना घर हवे होते, त्यांना अजूनही ते मिळालेले नाही.

हा विषय साहित्याच्या अध्यापकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो आमचाच आहे, कारण हा सारा डोलारा एका शब्दावर उभा होता: ‘स्थलांतर’. स्थलांतर माणसे करतात, पक्षी करतात; मैला स्थलांतर करीत नाही, तो कोणीतरी कोणाच्या तरी दारात नेऊन ठेवतो. कर्ता गाळून वाक्यरचना केली की जबाबदारीही गळते, हे व्याकरण आपण वर्गात शिकवतो. मग सरकारी कागद हाती आल्यावर ते विसरायचे कशासाठी? विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: ‘हलविण्यात येईल’ असे वाचाल, तेव्हा आधी कर्ता शोधा, आणि मग हलविलेले कोठे जाऊन पडले, ते पाहा.