मापात पाप नको

माझ्या भाच्याने जुनी सॅन स्टॉर्म घेतली. ही गाडी अनेकांना माहीतही नसेल. 1998 च्या सुमारास गोव्यात वेर्ण्याला बनू लागलेली ही दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचे, 1149 सीसी, ताकद साधारण 60 अश्वशक्ती. युरोपात ट्विंगो आणि क्लिओसारख्या घरगुती गाड्यांत हेच इंजिन चालायचे. म्हणजे दिसायला चित्ता आणि पोटात घरचीच चूल. पण विशी-पंचविशीतल्या पोराला हे कोण सांगणार?

गाडी धूर सोडत होती. पुण्यातल्या एका गॅरेजने त्याला सांगितले की इंजिन उघडणारच आहात तर ब्लूप्रिंटिंग करून घ्या. सांगितलेला खर्च ऐकून माझ्या बहिणीने फोन भाच्याच्या हातून घेऊन माझ्याकडे लावला. भाचा मागून ओरडत होता, "मामू, एकदाच करायचं आहे, पक्कं करू ना!"

ब्लूप्रिंटिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. कारखान्यात एकाच साच्यातून निघालेले चार पिस्टनही तंतोतंत सारखे नसतात. नकाशात प्रत्येक मापाला थोडी सूट दिलेली असते आणि प्रत्येक भाग त्या सुटीच्या आत कुठेतरी बसतो. ब्लूप्रिंटिंग म्हणजे इंजिन पूर्ण उघडून प्रत्येक भाग मोजायचा आणि नकाशातल्या उत्तम मापाला आणून चारही सिलिंडर एकसारखे करायचे. ज्या शर्यतींत इंजिनात फेरफार करायला बंदी असते, तिथे या कामाला फार मोल आहे. नियम मोडत नाही आणि इंजिन आपल्या पूर्ण ताकदीला पोचते.

यात जादू नाही, हिशेब आहे. या इंजिनात एका सिलिंडरचा वाटा सुमारे 287 सीसी. वरच्या ज्वलनकक्षात समजा 33 सीसी जागा आहे, तर दाबाचे प्रमाण 9.7 ला 1 येते. शेजारच्या सिलिंडरमध्ये तीच जागा 35 सीसी असली, तर प्रमाण 9.2 वर घसरते. एक भाऊ जोर लावतो, दुसरा मागे राहतो. वजनाचेही तसेच. एक पिस्टन दुसऱ्यापेक्षा फक्त 5 ग्रॅम जड असला, तर मिनिटाला 6000 फेऱ्यांवर तो फरक साडेसात किलोहून जास्त वजनाच्या हिसक्याइतका होतो. 3000 फेऱ्यांवर मात्र त्याचा चौथा हिस्सा उरतो. इथेच माझ्या मताची पहिली बाजू आहे. आपल्या हायवेवर लाखनी, साकोली करत जाणारा माणूस 6000 वर किती वेळ गाडी ठेवणार? 60 अश्वशक्तीचे इंजिन ब्लूप्रिंटिंगने 100 चे होत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी एवढा खर्च म्हणजे इस्राफ. आपल्या घरांत ताटात भात टाकला तर पोरांना इस्राफ म्हणून रागावतात. गॅरेजच्या बिलाला तो शब्द का लागू नये?

पण मी भाच्याला नुसते "नको" म्हटले नाही. कारण दुसरी बाजू मला भंडाऱ्यातच दिसली.

गाडी आम्ही आमच्या ओळखीच्या उस्तादांकडे आणली. चाळीस वर्षांचा हात. शाळा चौथीत सुटली, पण बोनेटवर कान लावून आजार सांगतात. त्यांनी पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "तीन नंबर. रिंगा गेल्या. रिंगा टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." भाचा माझ्याकडे बघायला लागला. पुण्याच्या आकड्यापुढे हे बिल म्हणजे चहापाणी.

मी म्हटले, चाचा, रिंगा टाकू, पण आधी बोअर मोजू. त्यांना ते आवडले नाही. चाळीस वर्षांच्या कानावर कुणी पट्टी लावली तर कुणाला आवडेल? तरी ब्लॉक नागपूरला एका लेथवाल्याकडे नेला. त्याने बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा आणि दोन्ही दिशांनी मोजला. तीन नंबर खराब होता, उस्तादांचा कान खराच निघाला. पण रिंगांपेक्षा जास्त बोअरच वरच्या बाजूला झिजला होता. नुसत्या रिंगा टाकल्या असत्या तर काही महिन्यांत पुन्हा धूर, पुन्हा खर्च, आणि "मिस्त्रीने फसवले" हा बोल उस्तादांच्या माथी. ते फसवणारे नाहीत. त्यांच्याकडे माप नव्हते, एवढेच.

मराठीत आपण सहज म्हणतो, मापात पाप. कुरआनची 83 वी सूरह, अल्-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांच्याच नावाने आहे. आपण ती तागडीवाल्या दुकानदाराला लावतो आणि मोकळे होतो. मला वाटते, जिथे मोजता येते तिथे न मोजता अंदाजाने काम करून देणे, ही तिची लांबची पण सख्खी नातेवाईक आहे. त्यात नियत वाईट नसते, पण नुकसान गिऱ्हाइकाचेच होते. काम पक्के, नेटके करण्याला आपल्याकडे इत्कान म्हणतात. इस्राफ आणि इत्कान या दोन शब्दांच्या मधोमध भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर होते.

आणि हा प्रश्न एका गाडीचा नाही. आपल्या समाजात गॅरेज, लेथ, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंगची कामे करणारे हात किती आहेत, हे कुठल्याही गावच्या बसस्टँडमागे गेले की दिसते. नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मुसलमानांत जास्त आहे, हे 2006 च्या सच्चर अहवालाने आकड्यांनी मांडले. या हातांत हुन्नर भरपूर, कागद काहीच नाही. आपल्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात. तिथला प्रत्येक दात गेजने तपासला जातो. त्याच रस्त्यावरच्या गॅरेजमधला पोरगा तोच गिअरबॉक्स डोळे मिटून खोलून जोडतो. पण फाटकाच्या आत तो कसा जाणार? त्याला मायक्रोमीटर वाचता येत नाही आणि उस्तादाने सर्टिफिकेट दिलेले नसते.

आयटीआयचा रस्ता आहेच. कौशल्य विकास योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आरपीएलची सोयही आहे. पण त्याआधीची पायरी गॅरेजातच आहे: एक बोअर गेज, एक मायक्रोमीटर, एक टॉर्क रेंच आणि एक वही. उस्तादांच्या कानात जे आहे ते वहीत उतरले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

म्हणून माझा सल्ला असा. शर्यतीत उतरायचे नसेल तर ब्लूप्रिंटिंग करू नका. पण इंजिन उघडलेच आहे तर सगळे मोजून घ्या. बोअर आणि हेड जागेवर आणा. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची वजने जुळवा. बोल्ट नेमक्या टॉर्कने आवळा. आणि प्रत्येक माप लिहून मिस्त्रीची सही घ्या. सोनाराच्या काट्यावर चालते तेवढे वजनाचे काम तर भंडाऱ्यातही होते.

आम्ही तेच केले. वही उस्तादांच्या नातवाने लिहिली. तो दहावीत आहे. पहिल्या पानावर त्याने तीन नंबरची मापे दोनदा खोडली आहेत. भाच्याने वाचलेल्या पैशांतून त्याला बोअर गेज घेऊन दिला. उस्ताद अजूनही आधी कानच लावतात. पण परवा एका बोलेरोवर कान लावून झाल्यावर नातवाला म्हणाले, "जा रे, ते यंत्र आण. बघू, कोण खरं बोलतं."