शेत झाले, पण केले कोणी?

'सिव्हिलायझेशन' या स्ट्रॅटेजी गेमची सातवी आवृत्ती ११ फेब्रुवारी २०२५ रोजी बाजारात आली आणि २०१६ च्या सहाव्या आवृत्तीशी तिची तुलना करणाऱ्यांत तेव्हापासून दोन तट पडले. एक तट म्हणतो, नव्या खेळाने मालिकेचा प्राणच घालवला. दुसरा म्हणतो, कंटाळवाणी कामे काढून टाकून त्याने खेळ सुटसुटीत केला. मराठीच्या अध्यापकांनी या वादात पडावे काय, असे आम्हांला विचारले जाते. पडलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. पहिले नगर वसवण्यापासून अवकाशयान सोडण्यापर्यंतचा मानवी इतिहास सांगण्याचा दावा करणारी ही एक संहिता आहे, आणि आमच्या वर्गांतील काही विद्यार्थी नेमलेल्या कादंबरीला देत नाहीत इतके तास तिला देतात. ज्या संहितेला एवढा वाचक आहे तिला समीक्षेची गरज नाही, हा सोवळेपणा आम्हांला मान्य नाही.

प्रथम एका रोषाचा निकाल लावू. सहाव्या खेळात 'भारत' ही एकच अखंड संस्कृती होती आणि मूळ संचात तिच्या नेतेपदी गांधी होते. सातव्याने इतिहासाचे तीन कालखंड पाडले आणि खंड बदलला की संस्कृतीही बदलावी, असा नियम केला. प्रसिद्ध झाला त्या रूपात त्यातील भारतीय वाट मौर्य, चोळ आणि मुघल अशी जाते. कारखाने आणि आगगाड्या यांच्या 'आधुनिक' खंडात मुघल दिसावेत आणि मराठे मुळीच दिसू नयेत, याचा अनेकांना राग आला. राग समजण्यासारखा आहे. अठराव्या शतकाचा हिशोब मांडताना मराठ्यांना वगळणे ही चूकच होय. परंतु उद्या पैसे घेऊन 'मराठा' नावाचा जादा संच विकला गेला, तर एवढ्याने आमचे समाधान व्हावे काय? सिंहासनावरची मूर्ती बदलेल, सिंहासन तेच राहील. आमची तक्रार सिंहासनाखालच्या जमिनीविषयी आहे.

ती तक्रार अशी. सहाव्या खेळात शेत काढायचे, खाण खणायची, तर 'बिल्डर' नावाचा कामकरी तयार करावा लागे. त्याला रानात न्यावे लागे. साधारणतः तीन कामे केली की तो संपून नाहीसा होई. शत्रू त्याला धरून नेऊ शकत असे आणि मग खेळाडूची खरोखर पंचाईत होई. त्याआधीच्या तीन खेळांत हाच कामकरी 'वर्कर' या नावाने होता आणि तो तर संपतही नसे. सातव्या खेळात मात्र तो काढून टाकला आहे. वस्तीची लोकसंख्या वाढली की आपण नकाशावरील एका चौकटीवर बोट ठेवतो आणि तिथे शेत उगवते. नांगर नाही, बैल नाही, माणूस नाही.

'सुटसुटीतपणा' म्हणून ज्याचे कौतुक चालले आहे ते हेच. आम्ही व्याकरण शिकवणारी माणसे असल्यामुळे आमचे लक्ष क्रियापदाकडे जाते. 'कुणब्याने शेत केले' या वाक्यात कर्ता उभा आहे. 'शेत केले गेले' म्हटले की त्याला वाक्याबाहेर काढता येते. सरकारी अहवालांची ही लाडकी रचना. सहावा खेळ, कितीही तुटकपणे का होईना, पहिल्या तऱ्हेचे वाक्य लिहीत होता. सातवा दुसऱ्या तऱ्हेचे लिहितो. सहाव्याने कामकऱ्याला माणुसकीने वागवले, असा दावा आम्ही करीत नाही. तीन कामांनंतर माणूस विझवणारी ती व्यवस्था निर्घृणच होती. पण ती निर्घृणता डोळ्यांसमोर होती, वाचकाला तिच्याविषयी प्रश्न विचारता येत होता. जो वाक्यातच नाही त्याच्याविषयी कोण काय विचारणार?

गंमत अशी की नव्या खेळात नगराच्या बाजूला कर्ता शाबूत आहे. नगराच्या इमारतींत 'स्पेशालिस्ट' म्हणजे विशेषज्ञ नेमता येतात. ते विद्या वाढवतात, संस्कृती वाढवतात, आणि अर्थातच अन्न खातात. ते अन्न पिकवणाऱ्याच्या वाट्याला मात्र ग्रामीण लोकसंख्येचा आकडा तेवढा येतो.

आणि तरीही न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एका बाबतीत नवा खेळ जुन्यापेक्षा अधिक खरा आहे. सहाव्यात प्रत्येक वस्ती हे नगरच असे. सातव्यात राजधानीनंतरची नवी वस्ती आधी 'टाउन' असते. तिचे उत्पादन थेट सोन्यात रूपांतरित होते. तिला शेतीचे किंवा खाणीचे काम ठरवून दिले की तिची वाढ थांबते आणि तिथले अन्न जोडलेल्या नगरांकडे जाऊ लागते. गावाची वाढ खुंटवून शहर पोसण्याचे हे गणित आम्हांला कुणी समजावून देण्याची गरज नाही. त्याने ते लपवले नाही, हे श्रेय खेळाला द्यावे लागेल. पण त्याने ते निसर्गनियमासारखे मांडले आहे. 'आम्ही पाठवीत नाही' असे गावाने म्हणावे, ही शक्यताच त्याच्या रूपबंधात नाही.

आम्ही ज्या पुणतांब्याच्या परिसरात हे लिहीत आहोत तिथे ती शक्यता प्रत्यक्षात उतरली होती. गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे हे गाव. एप्रिल २०१७ मध्ये इथल्या ग्रामसभेने संपाचा ठराव केला आणि १ जून २०१७ पासून महाराष्ट्रातील शेतकरी संपावर गेला. शहराकडे जाणारे दूध आणि भाजीपाला रोखला गेला. त्याच महिन्यात राज्य सरकारला सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर करावी लागली. तिचा लाभ कितींना पोचला, संपात फूट कशी पडली, हे स्वतंत्र विषय आहेत. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो कर्त्याचा पुनःप्रवेश. याला पूर्वपरंपराही आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. शेत 'होत' नाही, ते कुणीतरी 'करते', हे दाखवण्याचा सर्वांत लख्ख मार्ग म्हणजे ते करणे थांबवणे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की नव्या खेळातही असंतोष आहे: वस्ती नाराज झाली की उत्पन्न घटते, नाराजी टोकाला गेली तर वस्ती हातची जाऊही शकते. खरे आहे. पण तिथे असंतोष हा ताप मोजावा तसा मोजला जातो. मनोरंजनाची एखादी इमारत बांधली की उतरतो. संपाला मागणी असते, भाषा असते, ठराव असतो. ताप आणि ठराव यांत फरक न करणारी राज्यकर्त्यांची दृष्टी खेळाडूच्या अंगवळणी पडते, हीच तर आमची तक्रार आहे. दुसरा आक्षेप म्हणजे 'खेळ तो खेळ, बुद्धिबळात तरी शेतकरी कुठे आहे?' बुद्धिबळ मानवजातीचा इतिहास सांगण्याचा आव आणीत नाही. शिवाय त्यात प्यादे आहे, ते पटावर दिसते, मरते आणि शेवटच्या घरापर्यंत पोचले तर वजीरही होते.

आमच्या व्यवसायबंधूंना हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून राज्याचा सारा डोलारा कोणाच्या कष्टांवर उभा आहे, हाच प्रश्न विचारला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गाव-गाडा'त (१९१५) कुणबी, कारू आणि नारू यांच्या कामांचा आणि हक्कांचा तपशील मांडला, तो गाव म्हणजे निव्वळ उत्पन्नाचा आकडा नव्हे म्हणूनच. ग्रामीण साहित्याच्या चळवळीत आपण वर्षानुवर्षे वाद घातला तो याच मुद्द्यावर की गाव हे देखाव्यासाठी वापरायचे की त्याला बोलू द्यायचे. सातव्या 'सिव्हिलायझेशन'मधली गावे चित्र म्हणून अतिशय देखणी आहेत. इतकी देखणी आणि इतकी मुकी गावे आपण पूर्वीच्या कथांतून पाहिलेली आहेत, आणि त्यांना नावे ठेवून आपली समीक्षा मोठी झाली आहे. मग पडद्यावर तीच दिसताच आपण 'ग्राफिक्स छान आहे' म्हणून का थांबावे?

संबोधन काय लिहावे हे न सुचल्याने चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तो कोरेपणा निदान संकोचाचा होता. या खेळाने पिकवणाऱ्याच्या जागी ठेवलेला कोरेपणा सोयीचा आहे, आणि सोय म्हणूनच तो विकला जात आहे. विद्यार्थ्यांना खेळू नका असे आम्ही सांगणार नाही. त्यांनी दोन्ही खेळ खेळावेत आणि प्रत्येक शेतापाशी थांबून वाक्याचा कर्ता शोधावा. प्रयोग ओळखा, हा प्रश्न आपण त्यांना शाळेपासून विचारीत आलो आहोत. तो इथेही विचारण्याची जबाबदारी आपलीच आहे.