लॅपटॉप एक, स्क्रीन अनेक

नळदुर्ग, प्रतिनिधी

एकाच कंपनीचे, एकाच नावाचे आणि एकाच किमतीचे दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवावेत आणि दोन्हींवर एकच छायाचित्र उघडावे. एकावर कुंकवाचा लाल रंग लालच दिसेल, दुसऱ्यावर तो विटकरीकडे झुकेल. एकाकडे बाजूने पाहिले तरी अक्षरे स्पष्ट राहतील, दुसऱ्याकडे जरा तिरपे पाहताच चित्र काळवंडेल. खोक्यावरचा मजकूर तोच, पावतीवरचा आकडाही तोच. तरीही दोन ग्राहकांच्या पदरात दोन वेगळ्या वस्तू पडलेल्या असतात. त्याचे कारण लॅपटॉपच्या झाकणाआड बसवलेल्या पॅनेलमध्ये आहे. हे पॅनेल लॅपटॉपची कंपनी स्वतः बनवत नाही. ती ते दोन, तीन किंवा चार वेगवेगळ्या पुरवठादारांकडून विकत घेते आणि कोणाचे पॅनेल कोणत्या ग्राहकाच्या वाट्याला जाईल, हे ग्राहकाला सांगितले जात नाही.

पुणे-मुंबईच्या ग्राहकाला निदान मोठ्या दालनात जाऊन यंत्र डोळ्यांनी पाहता येते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या नळदुर्गसारख्या गावात ती सोय नाही. चार-पाच लॅपटॉप शेजारी ठेवून पारखायचे, तर सुमारे ४५ किलोमीटरवरचे सोलापूर गाठावे लागते. साहजिकच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी किंवा घरून काम करणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा झाला, की मोबाइलवर मागणी नोंदवली जाते आणि खोके कुरिअरने घरी येते. विक्रेत्याने दिलेले वर्णन हाच त्या ग्राहकाचा एकमेव आधार असतो. ते वर्णन अपुरे असेल, तर चाळीस-पन्नास हजारांचा व्यवहार डोळे मिटून केल्यासारखाच होतो.

पुरवठादार मोजकेच

जगातील लॅपटॉपना पॅनेल पुरवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. चीनची बीओई, तैवानच्या एयू ऑप्ट्रॉनिक्स आणि इनोलक्स, दक्षिण कोरियाची एलजी डिस्प्ले, जपानची शार्प ही त्यातील प्रमुख नावे. ओएलईडी प्रकारात सॅमसंग डिस्प्लेचा दबदबा आहे. गेल्या काही वर्षांत या व्यवसायाचे केंद्र झपाट्याने चीनकडे सरकले. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेलचे उत्पादन थांबवले. शार्पने २०२४ मध्ये साकाई येथील मोठ्या पॅनेलचा कारखाना बंद केला. एलजी डिस्प्लेने ग्वांगझू येथील एलसीडी कारखाना टीसीएल समूहाच्या सीएसओटी या चिनी कंपनीला विकला. तो व्यवहार २०२५ मध्ये पूर्ण झाला.

लॅपटॉप कंपन्या एकाच पुरवठादारावर विसंबून राहत नाहीत, यामागे व्यवहार आहे. एका कारखान्यात अडचण आली तरी दुसऱ्याचा माल मिळत राहावा, हा एक हेतू. पुरवठादारांना एकमेकांशी स्पर्धा करायला लावून दर खाली आणणे, हा दुसरा. या दुसऱ्या हेतूला इतिहासाचाही आधार आहे. २००१ ते २००६ या काळात एलसीडी पॅनेल उत्पादकांनी संगनमताने दर ठरवल्याचे उघड झाले होते. त्या प्रकरणात युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये सुमारे ६५ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तर अमेरिकी न्यायालयाने २०१२ मध्ये एयू ऑप्ट्रॉनिक्सला ५० कोटी डॉलर दंड केला. तेव्हा अनेकांकडून माल घेण्याला हरकत घेता येणार नाही. हरकत आहे ती त्या मालातील फरक ग्राहकापासून दडवण्याला.

फरक नावात नव्हे, मापांत

'अमुक कंपनीचे पॅनेल चांगले, तमुकचे वाईट' असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. यातील प्रत्येक कंपनी स्वस्त पॅनेलही बनवते आणि महागही. बीओईचे उत्तम पॅनेल एलजीच्या साध्या पॅनेलपेक्षा कितीतरी सरस असू शकते आणि याच्या नेमके उलटही घडू शकते. म्हणून तुलना करायची ती पुरवठादाराच्या नावाची नव्हे, तर त्या विशिष्ट पॅनेलच्या मापांची.

पहिले माप पॅनेलच्या प्रकाराचे. टीएन हा जुना व स्वस्त प्रकार. त्यात बाजूने पाहिल्यास रंग बदलतात. आयपीएस प्रकारात हा दोष बराच कमी असतो. याच धर्तीच्या तंत्राला एयू ऑप्ट्रॉनिक्स 'एएचव्हीए' म्हणते, बीओई 'एडीएस' म्हणते, तर सॅमसंगने त्याला 'पीएलएस' असे नाव दिले होते. नावे वेगळी असली तरी कूळ एकच. जाहिरातीत नुसते 'फुल एचडी' किंवा 'अँटी-ग्लेअर' लिहिलेले असेल, तर त्यावरून प्रकार कळत नाही. हे ग्राहकाने पक्के लक्षात ठेवावे.

दुसरे माप उजेडाचे. ते 'निट' या एककात मोजतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये २२० ते २५० निट्सची स्क्रीन सर्रास आढळते. बंद खोलीत ती पुरते. मात्र मराठवाड्यातील उन्हाळ्यात, उघड्या दारापाशी किंवा ओसरीवर बसून काम करणाऱ्याला ती फिकी वाटते. तेथे ३०० ते ४०० निट्सची स्क्रीन उपयोगी पडते.

तिसरे माप रंगांचे. '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेली स्क्रीन संगणकावरील प्रचलित रंगपट्ट्यापैकी, म्हणजे एसआरजीबीपैकी, जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवते. '७२ टक्के एनटीएससी' लिहिलेली स्क्रीन तो पट्टा जवळपास पूर्ण दाखवते. हिशेबाचे काम करणाऱ्याला या फरकाने फारसे बिघडत नाही. लग्नाचे छायाचित्रण करणारा, फ्लेक्सची रचना करणारा किंवा साड्यांची ऑनलाइन विक्री करणारा यांच्यासाठी मात्र हा थेट पोटापाण्याचा प्रश्न आहे. स्क्रीनवर पाहून जुळवलेला रंग छापून आल्यावर वेगळाच निघाला, तर तोटा त्यालाच सोसावा लागतो.

चौथे माप डोळ्यांशी निगडित आहे. काही पॅनेलमध्ये उजेड कमी करण्यासाठी प्रकाश अतिवेगाने चालू-बंद केला जातो. ही उघडझाप डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा वेग कमी असेल तर काहींना डोकेदुखी व डोळ्यांवरील ताण जाणवतो. एकाच नावाच्या लॅपटॉपच्या दोन पॅनेलपैकी एकात ही पद्धत असते, दुसऱ्यात नसते. जाहिरातीत याचा उल्लेख अपवादानेच सापडतो.

न्यायालयाने काय म्हटले?

हा वाद नवा नाही. अ‍ॅपलने २०१२ मध्ये रेटिना स्क्रीन असलेला मॅकबुक प्रो बाजारात आणला, तेव्हा त्यात एलजी आणि सॅमसंग अशा दोन कंपन्यांची पॅनेल बसवली होती. एलजीचे पॅनेल असलेल्या काही यंत्रांवर आधीच्या चित्राची पुसट छाया मागे राहते, अशा तक्रारी आल्या. किंमत एकच असताना दोन दर्जांचा माल दिला, असा आक्षेप घेऊन एका ग्राहकाने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाने त्याच वर्षी तो फेटाळला. अमुक एका पुरवठादाराचेच पॅनेल देऊ, असे आश्वासन कंपनीने दिलेलेच नव्हते, हा मुद्दा तेथे कळीचा ठरला.

या निकालाचा धडा सरळ आहे. जे लिहून दिलेले नाही, त्याचा आग्रह न्यायालयात टिकवणे अवघड. म्हणजेच लढाई तक्रारीच्या वेळची नाही, जाहिरातीच्या वेळची आहे.

महाराष्ट्राच्या हातून निसटलेला कारखाना

पॅनेल आपल्याकडेच बनले तर प्रश्न सुटेल, असे म्हणणारे अनेक आहेत. त्या वाटेवर महाराष्ट्राचा अनुभव निराशेचा आहे. चित्रनलिकेच्या काळात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनने दूरचित्रवाणी संचांच्या बाजारात मराठवाड्याचे नाव देशभर नेले. २००५ मध्ये या समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसायच विकत घेतला. नेमक्या त्याच सुमारास जग सपाट पॅनेलकडे वळत होते. चित्रनलिका इतिहासजमा झाली आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

पुढे २०१६ मध्ये वेदान्त समूहाशी संबंधित ट्विनस्टार डिस्प्ले या कंपनीने नागपूरजवळ बुटीबोरी येथे एलसीडी पॅनेलचा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी करार केला. तो कारखाना उभा राहिला नाही. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प पुण्याजवळच्या तळेगावऐवजी गुजरातकडे गेला, तेव्हा राज्यात मोठे राजकीय वादळ उठले. त्या प्रकल्पात चिपबरोबर पॅनेलनिर्मितीचाही समावेश होता, हे त्या गदारोळात मागे पडले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन या भागीदारीतून बाहेर पडली आणि तेथेही तो संकल्प कागदावरच राहिला.

केंद्राने मे २०२३ मध्ये संगणक-निर्मितीसाठी १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर झाली. ती लगेच लांबणीवर पडली आणि नोव्हेंबरपासून आयातीसाठी ऑनलाइन मंजुरीची व्यवस्था सुरू झाली. परिणामी देशात जोडणी होणाऱ्या लॅपटॉपची संख्या वाढण्यास चालना मिळाली. तथापि जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे. सेमीकंडक्टर मोहिमेत ऑगस्ट २०२५ पर्यंत मंजूर झालेल्या १० प्रकल्पांत पॅनेल बनवणारा एकही कारखाना नव्हता. उत्तर प्रदेशातील जेवर येथे एचसीएल-फॉक्सकॉनचा जो प्रकल्प मंजूर झाला, तो स्क्रीन चालवणाऱ्या चिपचा आहे, स्क्रीनचा नव्हे. त्यामुळे खोक्यावर 'मेड इन इंडिया' असले तरी आतील पॅनेल बाहेरूनच आलेले असण्याची शक्यता मोठी.

माहितीला कारखाना लागत नाही

पॅनेलचा कारखाना उभारायला हजारो कोटी रुपये आणि बरीच वर्षे लागतात. पॅनेलची मापे छापायला यातील काहीच लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी वस्तू कोणत्या देशात बनली, हे सांगणेही बंधनकारक केले. पण हा नियम संपूर्ण लॅपटॉपला लागतो, त्यातील पॅनेलला नाही. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे, पण ती यंत्राच्या सुरक्षिततेपुरती. चित्राच्या दर्जाविषयी ती काही सांगत नाही.

पुरवठादार बदलण्याची मोकळीक राहिली नाही तर पुरवठा अडेल, असा युक्तिवाद कंपन्यांच्या बाजूने करता येतो आणि तो अगदीच निराधार नाही. त्यावर तोडगाही आहे. पुरवठादाराचे नाव जाहीर करू नका, पण किमान मापे जाहीर करा. पॅनेल कोणाचेही असो, त्याचा प्रकार, किमान उजेड आणि किमान रंगक्षमता इतके तीन आकडे खोक्यावर आणि जाहिरातीत असावेत. त्याखाली माल देता येणार नाही. लेनोव्होसारखी कंपनी आपल्या उत्पादनांच्या तपशीलवार पत्रकात हे आकडे देते, म्हणजे ते देणे अशक्य नाही. फ्रिजवरचे ऊर्जाबचतीचे तारे पाहून निवड करायला ग्राहक शिकला, तसाच तो हे तीन आकडेही वाचायला शिकेल.

तोवर ग्राहकाने स्वतःच सावध राहणे भाग आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी हे तीन आकडे विक्रेत्याकडून लेखी मागावेत. ते मिळत नसतील तर दुसरा लॅपटॉप पाहावा. यंत्र हाती येताच विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'मॉनिटर्स'खालील 'हार्डवेअर आयडी' पाहावा. तेथील पहिली तीन अक्षरे पुरवठादार सांगतात. 'बीओई' आणि 'एयूओ' सहज ओळखू येतात. 'एलजीडी' म्हणजे एलजी डिस्प्ले, 'एसडीसी' म्हणजे सॅमसंग डिस्प्ले आणि 'सीएमएन' म्हणजे इनोलक्स. पुढचा क्रमांक त्या पॅनेलच्या विशिष्ट नमुन्याकडे निर्देश करतो. तो टिपून ठेवावा, कारण स्क्रीन फुटल्यावर दुरुस्तीवाला भलतेच स्वस्त पॅनेल बसवत नाही ना, हे त्यावरूनच पडताळता येते. लिहून दिलेले आकडे आणि मिळालेली वस्तू यांत तफावत आढळली, तर परत करण्याची मुदत संपण्याआधीच विक्रेत्याकडे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 'रंग फिके दिसतात' ही तक्रार दोष म्हणून सहसा मानली जात नाही. 'लिहिले ३०० निट्स, दिले २५०' ही तक्रार मात्र झटकता येत नाही.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळातील पाणीमहाल आहे. बाहेरून दिसते ती नुसती भिंत. आत काय दडले आहे, हे आत गेल्यावरच कळते. वास्तुकलेत ही नवलाई शोभते, बाजारात नाही. ज्या वस्तूकडे माणूस दिवसाचे आठ-दहा तास डोळे लावून बसणार आहे, तिच्यात काय बसवले आहे हे पैसे मोजण्यापूर्वी त्याला कळायला हवे. मग तो ग्राहक पुण्याचा असो वा नळदुर्गचा.