‘वांझ’चे पुल्लिंग

वर्गात लिंगविचार शिकवताना ‘वांझ’ शब्द आला, की कोणीतरी विचारतोच, “सर, याचे पुल्लिंग काय?” इतकी वर्षे मी हसून पुढच्या शब्दाकडे वळत आलो.

गेल्या वर्षी तोच प्रश्न घरात आला. भाच्याच्या लग्नाला तीन वर्षे झाली, तरी पाळणा हलेना. भाचेसुनेचे उपास झाले, नवस झाले, दोन डॉक्टर झाले. दोष काही सापडेना. भाचा मात्र आरशापुढे दंड फुगवून उभा! अशा पैलवानाला तपासा म्हणायचे कोणी? तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते म्हटले. अहवाल आला: शुक्राणू शून्य.

“व्यायामशाळेत इंजेक्शने घेता?” बाईंनी विचारले. भाच्याची मान खाली गेली. दीड वर्ष टेस्टोस्टेरॉन घेत होता.

सोबतीला गेलेला मी चक्रावलो. “अहो, ते तर पुरुषत्वाचेच संप्रेरक ना?”

बाईंनी समजावले. मेंदूच्या तळची पियूषिका ग्रंथी दोन संप्रेरके सोडते. एलएचच्या हुकमाने वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते; एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींना कामाला लावते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे दिसले, की मेंदू दोन्ही हुकूम आवरता घेतो. आमच्या इमारतीचा पहारेकरी गच्चीवरची टाकी भरताच पंप बंद करतो, तसेच. आता टाकीत टँकरचे पाणी ओतले तर? पंप बंदच राहणार, आणि त्याच पंपावर भिजणारी विहिरीकाठची बाग वाळणार! शुक्राणूंना हवे असते वृषणातच तयार झालेले टेस्टोस्टेरॉन, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक. सुईतले तिथे पुरे पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने तर हाच उपाय संततिनियमनासाठी अजमावला. १९९० साली निकाल प्रसिद्ध झाला: दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी १५७ जणांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले होते.

बाईंच्या देखरेखीखाली भाच्याची इंजेक्शने सुटली. एक शुक्राणू घडायलाच सुमारे अडीच महिने लागतात. थांबलेला पंप सुरू व्हायला आणखी वेळ. नऊ महिन्यांनी अहवालात शुक्राणू दिसले. “सगळ्यांचे असे परत येतेच असे नाही,” बाईंनी बजावले.

परवा फराळाचे ताट पुढे ठेवत भाचेसून म्हणाली, “मामा, यांचा अहवाल सुधारला. माझे उपास कोणत्या खात्यावर मांडायचे?”

व्याकरण शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण उत्तर सुचले नाही.